नॉर्वेचा दाखला अर्धाच देऊ नये

पेट्रोलचे दर, भाजीचे भाव आणि विजेच्या गाड्या हे तीन विषय आमच्या घरच्यांच्या गटावर नेहमी एकत्रच निघतात आणि वाद वाढला की कुणीतरी नॉर्वेचे नाव घेते. मी गेली अकरा वर्षे नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला राहतो, त्यामुळे साक्षीला मलाच बोलावले जाते. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याचे म्हणणे असे, की नॉर्वेने जवळजवळ सगळ्या नव्या मोटारी विजेवर नेल्या, तसे आपण केले तर इंधनाचा आणि त्यामागोमाग महागाईचा प्रश्न सुटेल. पिंपळगाव बसवंतला शेती करणारे माझे थोरले भाऊ म्हणतात, की ही पैसेवाल्यांची सोय आहे, शेतकऱ्याच्या पदरात तिच्यातून काही पडायचे नाही. साक्ष द्यायचीच तर ती पूर्ण द्यावी, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुतण्याचे आकडे खरे आहेत. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के बॅटरीवर चालणाऱ्या होत्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एकूण नोंदणीतही त्यांनी पेट्रोलच्या मोटारींना मागे टाकले. परंतु हे काही दोन-चार वर्षांत घडलेले नाही. विजेच्या गाडीला नोंदणीच्या वेळचा जबर कर १९९० पासून माफ झाला, २५ टक्के मूल्यवर्धित कर २००१ पासून माफ झाला आणि पेट्रोलच्या गाडीवर मात्र वजनानुसार व धुरानुसार कर चढतच राहिला. २०१७ मध्ये आम्ही गाडी घेतली तेव्हा दोन्ही प्रकारच्या गाड्यांचे किमतीचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून पाहिले होते. त्यानंतर कुणी आमचे मन वळवण्याची गरजच उरली नाही. तिजोरीला बसणारा भार डोईजड होऊ लागल्यावर २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या (क्रोनर हे इथले चलन) वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लागू केला गेला, तोवर पेट्रोलची नवी गाडी घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शिवाय इथली सुमारे ९० टक्के वीज पाण्यावर तयार होते. कोयनेसारखी शेकडो धरणे आणि अवघी ५६ लाखांच्या आसपासची लोकसंख्या, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे २०१९ पासून विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि ही सवलत चांगलीच आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी १८ टक्क्यांवर आणला गेला, म्हणजे नॉर्वेने जे अंतर तीस वर्षे जाणीवपूर्वक राखले ते आपण सामान्य माणसाच्या गाडीपुरते कमी केले. गाडी स्वस्त झाली याचा आनंद मला कळतो, कारण मध्यमवर्गीय घरात पहिली चारचाकी येते त्या दिवसाची किंमत मी जाणतो. पण हा निर्णय एकीकडे आणि नॉर्वेचा दाखला दुसरीकडे, हे एकत्र चालणार नाही.

आता दाखल्याचा दुसरा अर्धा भाग. गाड्या विजेवर गेल्या म्हणून नॉर्वेत स्वस्ताई आली, असे घडलेले नाही. जुलै २०२२ या एकाच महिन्यात इथल्या खाद्यपदार्थांचे भाव सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढले. वाणसामान पोहोचवणारे ट्रक डिझेलवरच धावत होते आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर खते बनवायला लागणारा नैसर्गिक वायू कडाडल्यामुळे खतेही महागली होती. यारा या नॉर्वेच्याच खतकंपनीने त्या वर्षी खतासाठी लागणाऱ्या अमोनियाचे युरोपातले उत्पादन कमी केले. विजेनेही दगा दिला. आमच्या रोगालान जिल्ह्यातल्या क्विल्डालहून ब्रिटनला वीज नेणारी समुद्राखालची केबल २०२१ मध्ये सुरू झाली होती, त्यात दक्षिणेतले जलाशय आटले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये इथला विजेचा दर पूर्वी कधी नव्हता इतका वर गेला. शेवटी सरकारने किलोवॉट-तासाला ७० ओरेंच्या (१०० ओरे म्हणजे एक क्रोनर) वरच्या दरातला ९० टक्के भार स्वतः उचलला, म्हणून घरे तगली. काचगृहांत टोमॅटो पिकवणारे आमच्या भागातले शेतकरी त्या हिवाळ्यात दिवे लावावेत की नाही या विवंचनेत होते. एका संध्याकाळी दुकानातल्या टोमॅटोच्या रिकाम्या खोक्यापुढे मी उभा होतो, दारात विजेची गाडी होती आणि माझा पगार त्याच तेल-वायूच्या धंद्यातून येत होता, ज्याने त्या वर्षी नॉर्वेच्या तिजोरीत विक्रमी भर घातली. तेल विकून आलेल्या पैशावर स्वच्छ गाड्यांना सवलत देणे नॉर्वेला परवडते. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल विकत घेणाऱ्या देशाला ती चाल जशीच्या तशी जमणार नाही.

माझ्या थोरल्या भावांचा टोमॅटो वाशीला जातो. पिकअपमध्ये वीस किलोचे ७५ क्रेट बसतात, जाऊन-येऊन चारशे किलोमीटर होतात, लिटरला बारा किलोमीटर आणि डिझेलला ९० रुपये धरले तर नुसत्या डिझेलचे तीन हजार रुपये, म्हणजे क्रेटमागे ४० रुपये पडतात. क्रेटला ८०० रुपये मिळतात त्या दिवशी हे ४० रुपये कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. आवक वाढून क्रेट १०० रुपयांवर आला की त्यातले ४० डिझेलमध्ये जातात, वर चालक, टोल, हमाली आहेच. मुंबईच्या ग्राहकाला किलोमागे दोन रुपयांनी फरक पडत नाही, शेतकऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. पुतण्याने उद्या विजेची मोटार घेतली तरी या ४० रुपयांतला एक रुपयाही कमी होणार नाही, आणि भाऊ नेमके हेच सांगत होते.

इथेनॉलच्या वादातही इंधन आणि अन्न यांची हीच गाठ आहे. २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले तेव्हा चर्चा मायलेज आणि इंजिन यांभोवतीच फिरली. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, तेव्हा मायलेज थोडे घटणार, ही तक्रार रास्तच आहे. मला मात्र डिसेंबर २०२३ अधिक महत्त्वाचा वाटतो. पाऊस कमी झाला, साखर महागेल अशी भीती निर्माण झाली आणि केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली. ज्या इंधनाचा पुरवठा एका कोरड्या पावसाळ्याने अडतो आणि ज्याला ऊस, मका, तांदूळ लागतो, त्याच्या भरवशावर महागाई आटोक्यात येईल असे मला वाटत नाही. मराठवाड्यात टँकरने पाणी प्यायलेल्या कुणालाही ते पटणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की सवलतीचा पैसा आधी माल वाहणाऱ्या आणि माणसांची गर्दी वाहणाऱ्या चाकांवर खर्च व्हावा आणि खासगी मोटारीचा क्रम त्यानंतर लागावा. हे अशक्य नाही. देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक आज विजेवर चालतात आणि तिथे नॉर्वेचा दाखला कुणाला लागला नाही, रिक्षावाल्याने रोजच्या खर्चाचा हिशेब केला आणि गाडी घेतली. एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्या वाटेवर अजून खूप पुढे जायचे आहे. वीज बहुतांशी कोळशाची आहे हा आक्षेप खरा असला, तरी कोळसा बराचसा देशातला आहे आणि दुपारच्या सौर विजेचा वाटा वाढतो आहे.

मागच्या महिन्यात भावांनी फोनवर विचारले, बॅटरीवरची पिकअप कसारा घाट उतरून वाशीला जाईल का आणि परत चढेल का. मी सांगितले, उतरेल, पण भरल्या मालाने तिथवर गेल्यावर परतीपुरती बॅटरी उरेलच असे नाही. त्यावर ते म्हणाले, की गाडी रात्री बाजारात पोहोचते आणि पहाटे लिलाव होऊन क्रेट उतरेपर्यंत चार-पाच तास तशीच उभी असते, चालक तोवर केबिनमध्ये झोपतो. ती जिथे उभी असते तिथे चार्जर नाही.