फोनची बॅटरी शून्यावर नेऊ नका, शंभरावर तासन् तास ठेवू नका; आणि उन्हापासून सगळ्यात जास्त जपा

‘नवा फोन आधी आठ तास चार्ज करा. बॅटरी शून्यावर आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. रात्रभर लावाल तर स्फोट होईल. फास्ट चार्जर बॅटरी खातो. सर्वांना पाठवा.’

हा मेसेज दर उन्हाळ्यात फिरतो. अकोल्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे गिऱ्हाईकं तो मला काउंटरवर वाचूनही दाखवतात. परवा एक काका आले. ‘भाऊ, मी तं सारे नियम पाळले, तरी बॅटरी कशी काय बसली?’ नियम पाळले हेसुद्धा त्याचं एक कारण, हे त्यांना सांगणं जरा जड गेलं.

शून्याचा सल्ला मुळात निकेल-कॅडमियम बॅटरीचा. ती अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा भरली की तेवढीच चालायची खोड तिला लागायची, तोच ‘मेमरी इफेक्ट’. सोनीनं 1991 साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला ही खोड नाही, आणि आज आपल्या खिशात आहे ती हीच जात. हिला रोज तळाशी नेलं तर उलट ताणच पडतो. ‘सारखं लावलं की सायकली, म्हणजे चार्जिंगच्या पूर्ण फेऱ्या, वाढतात’ हाही गैरसमज. आज 60 टक्के वापरले, उद्या 40, तेव्हा कुठे एक सायकल पूर्ण होते, मग पिन दिवसातून पाच वेळा लावा. आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या 500 सायकलींनंतर आणि 15 पासूनच्या 1000 सायकलींनंतर 80 टक्के क्षमता धरून राहाव्यात अशा बनवल्या आहेत, असं अ‍ॅपल सांगतं. टक्क्यांचा आकडा उड्या मारत असेल तर एखाद्या वेळी पूर्ण उतरवून भरावं. त्यानं आकडा ताळ्यावर येतो, बॅटरी तरुण होत नाही.

आठ तासांचा नियमही त्याच जुन्या काळातला. डबा उघडा, वापरायला लागा.

रात्रभराच्या बाबतीत मेसेज निम्मा बरोबर आहे, पण कारण चुकीचं. फोनमधला आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, बॅटरी भरली की करंट तोडतो, त्यामुळे नुसतं रात्रभर लावल्यानं चांगली बॅटरी फुटत नाही. 2016 मध्ये सॅमसंगचे नोट 7 पेटले ते बॅटरीच्या रचनेतल्या आणि बांधणीतल्या दोषांमुळे. मात्र पूर्ण भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज चढलेलं असतं आणि त्या अवस्थेत तासन् तास राहणं तिला मानवत नाही. म्हणून तर अ‍ॅपलनं 2019 मध्ये 80 टक्क्यांवर थांबून उरलेलं तुमच्या उठायच्या सुमारास भरण्याची सोय दिली. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्येही 80-85 टक्क्यांची मर्यादा लावता येते. असेल तर चालू करा आणि निवांत झोपा. 80 झाले का हे बघायला रात्री दोनला उठणारेही मला भेटलेत. त्यांनी बॅटरीपेक्षा झोपेची काळजी करावी.

फास्ट चार्जर? किती करंट घ्यायचा ते फोन आणि चार्जर आपसात ठरवतात, आणि बॅटरी भरत आली की वेग आपोआप उतरतो. त्यात खटकणारी गोष्ट एकच, गरम होणं. रस्त्यावरचा बिननावाचा चार्जर मात्र घेऊ नका. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या.

आता मेसेजमध्ये ज्याचं नावच नाही, ते ऊन. मे महिन्यात माझ्याकडे डिलिव्हरीवाल्या पोरांचे फोन येतात. हँडलला लावलेला, नकाशा चालू, ब्राइटनेस पूर्ण, खाली पॉवरबँकेची वायर, वर पंचेचाळीस अंशांचं ऊन. मागचं झाकण एका कडेनं उचललेलं असतं. हीट गननं डिंक सैल करून उघडलं की आत बॅटरी पुरीसारखी टम्म. उष्णतेनं बॅटरीतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आतलं रासायनिक द्रव, विघटित होतो, त्याचा वायू पाकिटात कोंडतो. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. 35 अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरला तर क्षमता कायमची घटू शकते, हे अ‍ॅपल लिहून सांगतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा ती मर्यादा सकाळी दहालाच ओलांडली जाते.

मग करायचं काय? चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढा. उशीखाली, गादीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलाच तर वायर काढून पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये नको, आत दव धरतं.

काकांना मी शेवटी विचारलं, फोन चार्जिंगला ठेवता कुठे? ‘टीव्हीजवळ, त्या सेट-टॉप बॉक्सवर. कव्हरसकट.’ दिवसभर चालू असलेल्या, हाताला चटका देणाऱ्या त्या डब्यावर, दोन वर्षं रोज.