सातारा किडची बंदूक

टेक्सासात बारा वर्षं काढली, पण घोड्यावर कधी बसलो नाही. निदान बंदुकीचा घोडा तरी ओढावा म्हणून एका मित्राच्या नादाने काउबॉय नेमबाजीच्या क्लबात गेलो. तिथे एकोणिसाव्या शतकातले कपडे घालून आणि टोपणनाव घेऊन लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडायच्या असतात. ‘सातारा किड’ हे नाव दोन मिनिटांत ठरलं. बंदूक ठरायला आठ महिने लागले.

हवी होती विंचेस्टर कंपनीची ‘1873’, म्हणजे त्या सालच्या घडणीची रायफल. चापाखालची लिव्हर पुढे ढकलून मागे घेतली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. खट्‌-खटाक! त्या आवाजावरच मी भाळलो. मुळात अशा सात लाखांवर बंदुका बनल्या, पण त्यातली धडकी आज विकत घेणार कोण, आणि घेतलीच तर झाडणार कोण? म्हणजे नवी नक्कल.

आता, या बंदुकीने म्हणे अमेरिकेचा पश्चिम जिंकला. पण नळीवर विंचेस्टर कोरलेली नवी बनते जपानात, आणि दुसरी, उबेर्ती कंपनीची, इटलीत.

“जपानवाली कोचीला बनते,” मी बायकोला म्हटलं.

“मग केरळच्या ट्रिपमध्येच घ्यायचीस ना!”

ते कोची वेगळं, हे सांगेपर्यंत ती फोडणीकडे वळली होती. पश्चिमेची बंदूक पूर्वेकडून का आणायची, अशी शंका मलाही आली होती. पण टेक्सासहून नाकासमोर पश्चिमेला निघालं की समुद्रापलीकडे जपानच लागतं.

जपानीची घडण देवघरातल्या समईसारखी, कुठे ओरखडा नाही. इटालियनच्या चौकटीवर मात्र तापल्या तव्यावर उमटतात तसे निळे-तपकिरी ढग. मी ढगांवर गेलो.

मग काडतूस. क्लबातले सोवळे म्हणाले, .44-40च घे, मूळ तेच. त्याची किंमत ऐकून मी .357 मॅग्नमकडे वळलो, कारण त्या बंदुकीत स्वस्तातलं .38 स्पेशलही चालतं. मॅग्नमचा जन्म 1935चा, म्हणजे आजीच्या नऊवारीला चेन लावण्यातलाच प्रकार. सोवळ्यांनी दोन आठवडे माझ्याशी अबोला धरला.

पहिल्या सामन्यात दहापैकी सहा पत्रे वाजले. शेजारच्या मिशाळ म्हाताऱ्याने टोपी मागे सारत विचारलं, “सातारा म्हणजे वायोमिंगकडे का रे?”

“नाही, फलटणच्या जरा खाली.”

“हं, तिकडे थंडी फार,” तो म्हणाला.