‘चिप म्हणजे वाळूच’ हे खरं नाही

‘चिप म्हणजे शेवटी वाळू. एक मशीन आणलं की छापत बसायचं, बाकी सगळी नफेखोरी. ३ नॅनोमीटर म्हणजे ट्रान्झिस्टर ३ नॅनोमीटरचा. त्याहून मोठा आकडा असेल तर जुना माल गळ्यात मारलाय असं समजा.’ हा मजकूर चार जणांनी मला पाठवला. (ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला विजेचा अतिसूक्ष्म स्विच; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) चौघेही शिकलेले, म्हणून लिहायला बसलो.

आधी वाळू. मूळ माल सिलिका, एवढं बरोबर. पण निवडक क्वार्ट्झ कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवल्यावर मिळणारं सिलिकॉन ९८-९९ टक्केच शुद्ध असतं, आणि चिपसाठी ते निरुपयोगी. त्याचं ट्रायक्लोरोसिलेन करून ऊर्ध्वपातनाने इतकं शुद्ध करतात की अब्जात एखादाच परका अणू उरावा. मग वितळलेल्या सिलिकॉनमधून एकच अखंड स्फटिक सावकाश वर ओढायचा आणि ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या, म्हणजे वेफर, कापायच्या. पैसा इथून लागायला सुरुवात होते.

‘एक मशीन’ हे वाचून तर मला वाईट वाटलं. वेफरवर चिपची अतिसूक्ष्म आकृती प्रकाशाने उमटवणाऱ्या ईयूव्ही (अतितीव्र अतिनील) यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या गतीने सुटतात. प्रत्येक थेंब केसाहून बारीक. लेसरचा पहिला ठोका त्याला चपटा करतो, दुसरा त्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापलेला विद्युतभारित वायू, करतो आणि १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा गिळते, काचही गिळते. म्हणून सगळं काम निर्वातात, भिंगांऐवजी आरशांवर. हे यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. आणि एवढं करून हाती येतो फक्त आकृती उमटवण्याचा टप्पा! पुढे थर चढवणं, कोरणं, आयन (विद्युतभारित अणू) घुसवणं, घासून सपाट करणं, असे शेकडो टप्पे. एका वेफरला काही महिने लागतात. एका थरावरची आकृती खालच्या थराशी काही नॅनोमीटरने चुकली, तरी मेहनत वाया.

नॅनोमीटरचा आकडा आता पिढीचं नाव आहे, माप नव्हे. ‘३ नॅनोमीटर’ चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर ५० नॅनोमीटरच्या आसपास असतं.

राहिला ‘जुना माल’. जास्त व्होल्टेज सोसायला इन्सुलेशनचा थर जाड लागतो. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर तिथे जळून जाईल. मोटार नियंत्रण, वीजपुरवठा, सेन्सर यांना मोठ्या आकड्याच्या चिप्सच योग्य. २०२१मध्ये जगभर गाड्यांचे कारखाने थांबले, ते बहुतांशी अशाच ‘जुन्या’ चिप्स मिळेनात म्हणून.