काजू सरकारी, भूक आपापली

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेला कोणी ना कोणी मठ्ठ्याचा घोट घेऊन हमखास विचारतो, "सियाचीनला तुम्हांला काजू-बदाम, चॉकलेटं सगळं फुकट असायचं ना हो?" असायचे, खोटे कशाला बोलू? त्या प्रश्नातली असूया मला मनापासून कळते. म्हणूनच हे सुख घरबसल्या भोगू इच्छिणाऱ्या पुण्या-ठाण्यातील सज्जनांसाठी, मराठा पलटणीतील एका निवृत्त शिपाईगड्याच्या नात्याने, काही अनुभवसिद्ध सूचना येथे करीत आहे.

प्रथम जागेचा विचार करावा. आपण बाराव्या मजल्यावर राहत असलात तरी ती उंची पुरेशी नाही. आमची पोस्ट 18,000 फुटांवर होती. तेथे हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच असतो आणि पाणी 82 अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणजे आधण खळखळते, वाफा निघतात, स्वयंपाक चालल्याचा देखावा उत्तम वठतो, आणि डाळ मात्र रुसलेल्या व्याह्यासारखी तळाशी बसून राहते. कुकरवाचून तिची समजूत निघत नाही. कुकरला पाणी हवे, पाण्यासाठी बर्फ वितळवायला हवा, बर्फासाठी रॉकेल हवे, आणि रॉकेल वर येते ते हेलिकॉप्टरमधून किंवा आपल्यासारख्याच कोणाच्या तरी पाठीवरून. तेव्हा वरण-भाताचा बेत असेल त्या दिवशी नळ बंद ठेवावा, फ्रीझरमधला बर्फ खरवडून पातेले भरावे, पातेलेभर बर्फाचे पाणी तळाशी जेमतेम वाटीभर उतरते हे पाहून शांत राहावे, आणि पुन्हा खरवडावयास जावे. स्टोव्ह बंद खोलीत इतका वेळ जळालेला असतो की रॉकेलचा वास भाताला, चहाला आणि शेवटी मिशीलाही लागतो. तो मसाल्याच्या जागी धरावा.

पाकिटातले तयार अन्न ज्यांना हवे असेल त्यांचीही सोय आहे. म्हैसूरला 1961 पासून संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. शिजलेला पुलाव किंवा शिरा अनेक पदरी पाकिटात सीलबंद करून दाबाखाली सुमारे 121 अंशांवर तापवावा, की तो फ्रीजवाचून वर्षभर टिकतो, ही किमया तेथील शास्त्रज्ञांनी आपल्या जवानांसाठी साधली. शास्त्रज्ञांना माझा नमस्कार. अन्न त्यांनी खरोखर टिकवले. फक्त पोस्टवर पोहोचेपर्यंत त्या पुलावाचे मंगलोरी कौल झालेले असते. ते उकळत्या पाण्यात सोडावे, मऊ झाले की मेस टिनमध्ये ओतावे आणि ताबडतोब खावे. कारण हातमोजा सावरेपर्यंत तुपाचा पांढरा पापुद्रा धरतो, आणि मग तो चमच्याने फोडून खाली भात आहे का, हे पाहावे लागते.

अंड्यांविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. जून 2019 मध्ये गोठलेली अंडी, बटाटे आणि फळांचा रस हातोडीने फोडणाऱ्या जवानांची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली, "सॅल्यूट" असे लिहून चार गटांना पाठवली, आणि त्यानंतर आपले हाफ बॉइल्ड थोडे जास्त शिजले म्हणून वेटरला परत बोलावले.

आता काजूंकडे वळू. काजू खरोखर भरपूर असतात. पिस्ते, बदाम, मनुका, चॉकलेटे, आटवलेल्या दुधाचे डबे, कशालाही तोटा नसतो, कारण थंडीत टिकायचे तर उष्मांक पोटात गेलेच पाहिजेत, असे शास्त्र सांगते. अडचण एवढीच की त्या उंचीवर भूक मरते. शिधा पोहोचवण्याची व्यवस्था आहे, भूक पोहोचवण्याची नाही. समोर मूठभर काजू असतात, ते जिभेवर खडूसारखे लागतात, आणि "खा, नाहीतर उद्या चालता येणार नाही," असे दरडावून कमांडर सगळ्यांना भरवतो. लहानपणी आईने जितक्या आर्जवाने मला भरवले नसेल, तितक्या आर्जवाने आणि त्याहून कितीतरी अर्वाच्य भाषेत एका सुभेदारसाहेबांनी मला बदाम भरवले आहेत. तेव्हा घरी बदाम खाण्यापूर्वी नाक अर्धे दाबून धरावे, डोके दुखेपर्यंत जिना चढावा, आणि मग समोर कोणालातरी ओरडण्यासाठी उभे करावे. नातेवाईक हे काम आनंदाने करतील.

तरीही आम्ही जेवत असू, पण तोंडाने नव्हे, कानांनी. फायबरच्या झोपडीत स्लीपिंग बॅगा अंगावर ओढून रात्री जेवणाच्या गोष्टी चालत. कोल्हापूरचा गडी तांबड्या रश्श्यावर तर्री किती बोटे असावी यावर तासभर बोले. रत्नागिरीचा सोलकढीला नारळ कोणता हे ठरवीपर्यंत सेंट्रीची पाळी बदले. आम्ही सगळेच मराठा पलटणीच्या बेळगावच्या प्रशिक्षण सेंटरमधून तयार झालेलो असल्यामुळे शेवटी विषय कुंद्यावर, म्हणजे तिथल्या दुधाच्या मिठाईवर, येई आणि मग काही वेळ कोणीच बोलत नसे. भर म्हणून लंगरगप्पा, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातून उठणाऱ्या अफवा, असतच: उद्याच्या हेलिकॉप्टरने कोथिंबीर येणार, म्हणे. ती कोथिंबीर आमच्या मुक्कामात आली नाही, पण तिच्यावर आम्ही आठवडा काढला.

शक्करपाऱ्यांचे वेगळे सांगायला हवे. ती आपल्या शंकरपाळ्यांचीच फौजेत भरती झालेली भावंडे. गस्तीवर ती खिशात असतात, आणि दातांनी फोडावयाची नसतात. गालात धरून चालत राहावयाचे असते. अर्ध्या तासाने ती शरण येतात. दिवाळीत घरून पार्सल आले, तेव्हा आईची खुसखुशीत शंकरपाळी मी सवयीने गालात धरली आणि ती लगेच विरघळून गेली. सबंध डबा तसाच संपला. भूक तेव्हाही नव्हती.

शेवटची सूचना तीन महिने पूर्ण करून खाली उतरणाऱ्यांसाठी. बेस कॅम्पच्या लंगरमध्ये न गोठलेला कांदा मिळतो. तो बुक्कीने फोडावा, मीठ लावावे, आणि कोणी काजू पुढे केले तर ते नम्रपणे शेजाऱ्याच्या ताटात सारावेत. मी पंगतीत अजूनही तसेच करतो. विचारणारा मात्र समजतो की मला ते फार खाऊन कंटाळा आलेला आहे.