'रूल ऑफ थंब' आणि छडीची जाडी

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अंगठ्याहून जाड नसलेल्या छडीने नवऱ्याने बायकोला मारायला इंग्लंडच्या कायद्याची मुभा होती, 'रूल ऑफ थंब' (अनुभवाने बांधलेला ढोबळ अंदाज) हा इंग्रजी वाक्प्रचार तिथूनच आला, आणि त्याच्या व्युत्पत्तीवरच्या माझ्या लेखात मी ते गाळून बायकांच्या सोसण्यावर पांघरूण घातलं, असं तुम्ही म्हणता. हे मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो.

गाळलं ते जाणूनबुजून, कारण सालं जुळत नाहीत. १६९२ साली विल्यम होप या स्कॉटिश तलवारबाजाच्या पुस्तकात हे शब्द छापलेले आहेत, तेही शास्त्र न शिकता नुसत्या सरावाने हात चालवणाऱ्याबद्दल. छडीची गोष्ट ज्यांना चिकटली ते न्यायाधीश फ्रान्सिस बुलर १७८२चे. मधे नव्वद वर्षं गेली. बुलर यांचा तसा निकालही कुठे नोंदलेला नाही. मात्र त्या नोव्हेंबरात जेम्स गिलरेने त्यांचं व्यंगचित्र काढलं. विगवाले न्यायाधीश, काखेत छड्यांच्या मोळ्या, छड्यांच्या टोकांना अंगठे, आणि मागे एक नवरा बायकोवर छडी उगारतोय. चित्राचं नाव 'जज थंब'. ते इतकं गाजलं की बुलर यांचं ते टोपणनावच होऊन बसलं.

अंगठ्याने मापण्यात नवल काहीच नाही. फ्रेंचमध्ये अंगठा आणि इंच दोन्हींना 'पूस' हा एकच शब्द आहे. आपल्याकडे माझी आई भात लावताना तांदळावर बोट टेकवते आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत घालते. वाटी नाही, माप नाही, भात कधी चिकट होत नाही. या वाक्प्रचाराचा अर्थ हाच, आणि मराठीत त्याला 'ठोकताळा' हा चोख शब्द आहे.

तुमचा समज कुठून आला हेही मला कळतं. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९८२ साली मारहाण सोसणाऱ्या बायकांवर अहवाल काढला, त्याच्या नावातच 'रूल ऑफ थंब' आहे. कळकळीच्या माणसांनीच ही व्युत्पत्ती पसरवली.

आता माझी चूक. ती छडी निव्वळ दंतकथा नव्हती, हे मी लिहायला हवं होतं. १८६८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ऱ्होड्स नावाच्या माणसाने बायकोला छडीचे तीन फटके मारले. छडी बोटाएवढी, पण अंगठ्याहून बारीक, म्हणून खालच्या कोर्टाने त्याला सोडलं. वरच्या कोर्टाने जाडीचा मुद्दा मानला नाही, पण घरातल्या किरकोळ भांडणात कायदा पडत नाही म्हणत सुटका तशीच ठेवली. किरकोळ! १८७४मध्ये त्याच राज्याच्या कोर्टाने अंगठ्याचा हा जुना दंडक आपल्याकडे कायदा नाही, असं स्पष्ट सांगितलं. या निकालांत 'रूल ऑफ थंब' हे शब्द कुठेच नाहीत. त्या बाईला बसलेले फटके मात्र खरे आहेत, आणि ते खरे ठरायला कुठल्या वाक्प्रचाराची गरज नाही.

ऱ्होड्सचा खटला आज मूळ लेखात घालतोय. व्युत्पत्तीचा परिच्छेद आहे तसाच राहील.