पाणी, चहा, तर्री-पोहे

नागपूरच्या इतवारीतील एका घाऊक कापडाच्या पेढीवर काल मला जी वागणूक मिळाली, तिचा राग अजून पुरता उतरलेला नाही. काम साधे होते. शुगरसीआरएमपासून २०१३ मध्ये वेगळे झालेले सुइटसीआरएम हे ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर तिथे वापरतात. माझ्या आधीच्या मुलाने सारे बदल थेट मूळ फायलींत केले होते आणि नवी आवृत्ती चढवताच ते पुसले गेले. मी तेच बदल रीतसर 'कस्टम' फोल्डरमध्ये, म्हणजे नवी आवृत्ती हात लावत नाही अशा जागी, करून दिले. यावर शेठजींचा अभिप्राय एवढाच, की "तो पोरगा अर्ध्या घंट्यात करून देत होता."

पण खरा प्रसंग गादीवर सुपारी कातरत बसलेल्या त्यांच्या मामाजींनी घडवला.

"काय करून राहिले भाऊ?"

"मामाजी, ग्राहकाच्या नोंदीत एक रकाना वाढवतोय."

"मंग पाहुणचार टाका न त्यात! उधारीवाल्याले पाणी, वेळेवर पैसे देणाऱ्याले चहा, अन् रोख मोजणाऱ्याले तर्री-पोहे."

"आणि अर्धे रोख, अर्धे उधार असेल तर?"

"त्याले अर्धा चहा. चौथा खाना बनवा."

खरे सांगायचे तर इतके निःसंदिग्ध नियम मला आजवर एकाही ग्राहकाने सांगितलेले नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांच्या तासन्‌तास चालणाऱ्या बैठकांतूनही ते निघत नाहीत. मी स्टुडिओत, म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या रकाने बनवण्याच्या विभागात, जाऊन चार पर्यायांची यादी केली, सॉफ्टवेअरने रिवाजाप्रमाणे रकान्याच्या नावाला 'अंडरस्कोर सी'चे शेपूट जोडले, आणि मी बदल लागू करणारी 'क्विक रिपेअर अँड रिबिल्ड' ही आज्ञा दिली. एवढ्यात मामाजींनी चष्मा सावरून पडदा वाचला.

"रिपेअर? म्हणजे बिघडवलं का तुम्ही?"

काहीही बिघडलेले नसताना ही आज्ञा द्यावी लागते, हे मी वीस मिनिटे समजावले. अखेर शेठजींनी बिलातून पाचशे रुपये कापले, कारण आपणच बिघडवलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचे पैसे मागणे इतवारीत शोभत नाही म्हणे. त्या आज्ञेचे नाव ज्याने ठेवले, त्याने ते पाचशे मला द्यावेत असे मला अगदी मनापासून वाटते.

निघण्यापूर्वी चाचणी म्हणून यादी उघडली, तर मामाजींनी पहिली नोंद माझ्याच नावाची करून ठेवली होती. पाहुणचार : पाणी. ते बदलण्याचे सर्व अधिकार माझ्याकडे होते, बोटही माउसवर गेले होते. पण कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवण्याची सोय त्या रकान्याला तासाभरापूर्वी मीच चालू करून दिली होती.