चोरी करायचीच तर बँकेची करा, भिया

सर्वटे बसस्टँडवर कुणाचा मोबाईल मारायचा विचार असेल तर जरा थांबा. असला फुटकळ गुन्हा इंदूरच्या माणसाला शोभत नाही, परवडत तर त्याहून नाही. मोबाईलवाल्याला कोण विचारतं हो, बाबा तुला आत पाय पसरायला जागा मिळते का म्हणून? २०२२ चे सरकारी आकडेच बघा, देशातल्या जेलांमध्ये १०० च्या जागेत १३१ माणसं कोंबलेली, त्यातले चारात तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच नाही पण आत आहेत, कारण जामिनाला पैसे नाहीत नाहीतर तारखेवर तारीख.

म्हणून सांगतो, हात मारायचा तर हजार कोटींच्या वर मारा आणि थेट लंडन गाठा. मल्ल्यांना भारतात परत पाठवायच्या केसमध्ये २०१८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाच्या जज्जबाईंनी मुंबईच्या आर्थर रोड जेलच्या १२ नंबर बराकीचा व्हिडिओच मागवला, तोही भरदुपारचा, दिवे न लावता, खिडकीतून उजेड किती येतो ते दिसायला हवं म्हणून. आमच्या रामबागेत मुलगी देताना लोक एवढं घर बघत नाहीत!

पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी परत मिळावेत म्हणून तर २०२५ मध्ये आपल्या सरकारने बेल्जियमला लेखीच देऊन टाकलं, माणशी किमान ३ चौरस मीटर जागा, जाड सुती गादी, उशी, चादर, पांघरूण. (आरोप अजून सिद्ध व्हायचेत म्हणा, पण ते तर मोबाईलवाल्याचेही.) आणि आपलं जेल फारच भयंकर निघालं तर सोन्याहून पिवळं, शस्त्रदलाल संजय भंडारींना २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तिहारचे हाल बघून पाठवायलाच नकार दिला.

आता देशी आरोपीला हक्क नाहीत असं नाही हं. नवीन कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, ४७९ कलम आहे ना, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेची कलमं वगळून, आणि तो अर्ज जेल सुपरिंटेंडेंटनेच कोर्टात द्यायचा. आता त्यांनी तरी कोणाकोणाचे दिवस मोजायचे, आणि मोजायला सांगणारी जज्जबाई पडली लंडनला.

तेव्हा पासपोर्ट आधी काढून ठेवा. मोबाईल मारल्यावरही पोलीस घरी येतात, पण व्हेरिफिकेशनला नाही.